मोटारसायकलवरील जळका वास : त्याचा माग कसा काढावा

मनुष्याच्या पांच ज्ञानेंद्रियांपैकीं नाकाला फारसा मान मिळत नाहीं. डोळ्यांसाठीं चष्मे आहेत, कानांसाठीं यंत्रें आहेत. नाकाची आठवण मात्र पडसें झालें म्हणजेच होते. परंतु यंत्रांच्या जगांत धोक्याची पहिली वर्दी पुष्कळदां नाकच देतें. मोटारसायकलवरून कचेरीस निघालेला गृहस्थ चौकांतील तांबड्या दिव्यापाशीं थांबतो आणि त्याच क्षणीं प्लास्टिक जळल्यासारखा एक उग्र दर्प त्याच्या नाकांत शिरतो. दिवा हिरवा होतो, गाडी पुढें निघते आणि वास नाहींसा होतो. शेजारच्या ट्रकाचा असेल, असें म्हणून तो स्वतःचें समाधान करून घेतो. या समाधानांतच धोका आहे. वास गेला तो दोष गेला म्हणून नव्हे. वाऱ्यानें त्याला मागें उडवून नेलें म्हणून. गाडी थांबली कीं तो पुन्हां येणार.

मोटारसायकलच्या बाबतींत हा वास विशेष गंभीरपणें घ्यावयास हवा, याचें कारण तिच्या रचनेंतच आहे. पुढच्या दिव्यापासून निघालेली तारांची जुडी हँडलच्या मानेजवळून वळते, पेट्रोलच्या टाकीखालून जाते आणि बैठकीखालीं असलेल्या बॅटरीशीं येऊन पोंचते. म्हणजे दहाबारा लिटर पेट्रोल वर, तापलेलें इंजिन खालीं आणि त्या दोहोंच्या मध्यें विजेच्या तारा, असा हा शेजार आहे. मोटारगाडींत बसलेल्या माणसाच्या व इंजिनाच्या मध्यें निदान एक पत्र्याची भिंत असते. येथें स्वार त्या टाकीला गुडघे टेकूनच बसलेला असतो.

आतां हा वास निर्माण कसा होतो तें पाहूं. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार थोडीबहुत तापतेच. इंग्लंडांतील जेम्स जूल या शास्त्रज्ञानें या उष्णतेचें माप शोधून काढलें व तें १८४१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याचा नियम सोपा आहे : तारेचा रोध जितका अधिक तितकी उष्णता अधिक, आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. मोटारसायकलवरील विजेचे बहुतेक सारे अपघात या एका नियमांत बसतात. एक तर कोठें तरी प्रवाह प्रमाणाबाहेर वाढलेला असतो, नाहीं तर कोठें तरी रोध प्रमाणाबाहेर वाढलेला असतो.

पहिल्या प्रकाराचें उदाहरण रस्तोरस्तीं दिसतें. पुष्कळ मोटारसायकलींच्या पुढच्या दिव्यांत ६० वॅटांचा दिवा असतो. १२ व्होल्टांच्या दाबावर तो ५ अँपिअर प्रवाह घेतो आणि कारखानदारानें तार व स्विच तेवढ्याच हिशेबानें बसविलेले असतात. प्रकाश अधिक पडावा म्हणून मालक त्या जागीं १०० वॅटांचा दिवा बसवितो. आतां प्रवाह सव्वाआठ अँपिअरच्या वर जातो. प्रवाह पावणेदोन पटही झाला नाहीं. परंतु जूलच्या नियमाप्रमाणें तारेंतील उष्णता मात्र पावणेतीन पट झाली. दिवा उजळ दिसतो आणि हँडलवरील स्विचाच्या पोटांत प्लास्टिक मऊ होऊं लागतें.

दुसरा प्रकार अधिक कपटी आहे. एखाद्या जत्रेंत सारा रस्ता रुंद असून देवळाचें दार तेवढें अरुंद असावें, म्हणजे जशी सर्व रेटारेटी त्या दारांतच होते, तशी विजेची रेटारेटी सैल किंवा गंजलेल्या सांध्यांत होते. समजा, एका सांध्यांत पावसाचें पाणी शिरून हिरवा गंज चढला आणि तेथील रोध अवघा एकदशांश ओहम झाला. त्या सांध्यांतून १० अँपिअर प्रवाह जात असेल, तर तेथें १ व्होल्ट दाब खर्ची पडेल आणि १० वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओ दुरुस्त करणारा जें सोल्डरिंग आयर्न वापरतो, तें पुष्कळदां २५ वॅटांचें असतें. त्याच्या दोनपंचमांश उष्णता शेंगदाण्याएवढ्या बंद जागेंत सतत कोंडली, तर तेथील प्लास्टिकाची काय गत होईल हें सांगावयास नकोच. शिवाय सांधा तापला कीं त्यांतील पितळी पानाची कमान ढिली पडते. पकड सुटली कीं रोध आणखी वाढतो. रोध वाढला कीं उष्णता वाढते. असें हें दुष्टचक्र सांधा वितळेपर्यंत फिरत राहतें.

येथें कोणीही विचारील कीं, फ्यूज कशासाठीं असतो? तो कां जळत नाहीं? हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. फ्यूज हा केवळ प्रवाहाचा पहारेकरी आहे, उष्णतेचा नव्हे. वरील उदाहरणांत प्रवाह दहाच अँपिअर आहे आणि फ्यूज १५ अँपिअरचा आहे. पहारेकऱ्याच्या दृष्टीनें सर्व कांहीं सुरळीत आहे. आग लागली आहे ती त्याच्या पाठीमागच्या खोलींत. उलट एखादी तार घांसून तिचें तांबें थेट सांगाड्याला चिकटलें, तर प्रवाह एकदम शेंकडों अँपिअरांकडे धांवतो आणि तेव्हां फ्यूज क्षणांत जळून गाडी वांचवितो. म्हणून फ्यूज शाबूत आहे एवढ्यावरून वास खोटा ठरत नाहीं. आणि जळलेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चांदी गुंडाळणें किंवा १५ च्या जागीं ३० चा फ्यूज बसविणें म्हणजे पहारेकऱ्याला अफू देऊन निजविण्यासारखें आहे. मग तारच फ्यूजचें काम करते आणि ती जळते टाकीखालीं.

वास आला तर प्रथम काय करावें? गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करावें, किल्ली फिरवावी, खालीं उतरावें आणि क्षणभर दूर उभें राहून पाहावें. धूर दिसत नसेल तर बैठक काढून बॅटरीची ऋण तार सोडवावी. ऋणच आधीं कां? आजच्या बहुतेक सर्व मोटारसायकलींत ऋण टोंक सांगाड्याला जोडलेलें असतें. धन टोंक सोडवितांना पाना चुकून सांगाड्याला लागला तर मोठी ठिणगी पडते. ऋण सोडवितांना तो सांगाड्याला लागला तरी कांहीं होत नाहीं. जोडतांना क्रम उलटा : धन आधीं, ऋण शेवटीं. जुन्या इंग्रजी मोटारसायकलींपैकीं कित्येकांत मात्र धन टोंक सांगाड्याला असे. अशा गाडीच्या मालकानें हें ध्यानांत ठेवून सांगाड्याची तार प्रथम सोडवावी. धुराबरोबर ज्वाळा दिसूं लागल्या, तर तारांच्या मागें न लागतां माणसें दूर करावीं. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये. कोरड्या भुकटीचें अग्निशामक नळकांडें जवळ असेल तर तें वापरावें. गाडी पुन्हां विकत मिळते.

धोका टळल्यावर शोधास लागावयाचें. परंतु प्रत्येक जळका वास विजेचा नसतो. रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी उडून तापलेल्या सायलेन्सरला चिकटली तर हुबेहूब असाच वास येतो. रेनकोटाची कड टेंकली तरी येतो. इंजिन-तेलाचा थेंब धुराड्याच्या नळीवर पडला तर तळणीचें जुनें तेल करपल्यासारखा वास येतो आणि निळसर धूर दिसतो. घाटांत किंवा गर्दींत क्लच अर्धवट दाबून गाडी रेंगाळत नेली तर क्लचच्या चकत्यांचा करपट वास येतो. ब्रेक चिकटून राहिला असेल तर चाकाचा मध्य हात लावतां येणार नाहीं इतका तापलेला असतो. हे चार संशयित प्रथम वगळावे. पावसाळ्यानंतर किंवा गाडी बरेच दिवस उभी असल्यास उंदरानें बैठकीखालीं केलेलें घरटेंही पाहावें. त्याच्या चिंध्या करपतात आणि त्याच्या दांतांनीं तारांचीं वेष्टणेंही सोललेलीं असतात.

विजेच्या वासाचेही प्रकार आहेत. तारेचें वेष्टण सामान्यतः पीव्हीसी या प्लास्टिकाचें असतें. तें फार तापलें कीं त्यांतून हायड्रोजन क्लोराईड हा आम्लधर्मी वायु सुटतो. त्यामुळें वास नाकाला झोंबतो व घशाशीं खवखवतें. हा वायु अपायकारक आहे, म्हणून वास घ्यावयाचा तो ओझरता, नाक खुपसून नव्हे. तांब्याच्या वेटोळ्यावरील व्हार्निश जळालें तर जळक्या लाखेसारखा दर्प येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर संशय बॅटरीवर घ्यावा. प्रमाणाबाहेर भारित होणारी शिसे-आम्लाची बॅटरी तसा वास सोडते. त्याच वेळीं तिच्यांतून हायड्रोजनही निघतो, म्हणून तेथें काडी ओढूं नये, ठिणगी पाडूं नये.

यापुढचा प्रश्न सर्वांत उपयोगाचा : वास केव्हां येतो? वैद्य जसा ताप कोणत्या वेळीं चढतो हें विचारतो, तसें गाडीच्या मालकानें स्वतःलाच विचारावें व उत्तरें कागदावर लिहावीं. किल्ली बंद असतांनाही वास येत असेल, तर दोष बॅटरीला थेट जोडलेल्या तारांत आहे. त्यांत मागाहून बसविलेला चोरघंटेचा यंत्रसंच, मोबाइल भरावयाची तार हीं पहिलीं पाहावीं. किल्ली लावतांच, इंजिन बंद असतांना वास येत असेल, तर किल्लीचा स्विच व त्यापुढील तारा पाहाव्या. इंजिनाचा वेग वाढविला कीं वास वाढत असेल, तर वीज निर्माण करणारें यंत्र आणि तिला आवर घालणारा रेग्युलेटर यांकडे जावें. चालू करण्याचें बटण दाबतांना येत असेल, तर स्टार्टरची जाड तार व तिचा रिले. ब्रेक दाबतांना येत असेल, तर मागच्या दिव्याची वाट. हँडल एका बाजूला वळविलें कीं येत असेल, तर मानेजवळ घांसलेली जुडी. अशा रीतीनें गाडी उघडण्यापूर्वींच शोधाचें क्षेत्र पुष्कळ लहान होतें.

मग नाक, डोळा आणि हात या क्रमानें तपासणी करावी. नाकाची एक खोड अशी कीं, तोच वास कांहीं मिनिटें घेतला कीं तें बधिर होतें. म्हणून मध्येंच दूर जाऊन मोकळ्या हवेंत यावें, किंवा घरांतील दुसऱ्या माणसास बोलवावें. वर्तमानपत्राची सुरळी करून तिचें टोंक एकेका सांध्याजवळ नेलें, तर आसपासचा वास न मिसळतां जागा नेमकी कळते. डोळ्यांनीं पाहावयाच्या खुणा अशा : पांढऱ्या सांध्यावर चढलेला तपकिरी डाग, फुगलेलें प्लास्टिक, पितळेवर हिरवा गंज, वाळक्या काडीसारखी ताठर झालेली तार. निरोगी तार बोटांनीं वांकविली तर लवते. भाजलेली तार करकरते. हाताची परीक्षा इंजिन पांचदहा मिनिटें चालवून व बंद करून घ्यावी आणि बोटाच्या पाठीमागच्या बाजूनें घ्यावी. एकाच सांध्यांतील तीन तारांपैकीं एकच अधिक ऊन लागली, तर चोर सांपडला असें समजावें.

डोळ्यांस जें दिसत नाहीं, तें मीटर दाखवितो. साधा मल्टिमीटर घरीं ठेवणें हें आतां उष्णतामापक ठेवण्याइतकेंच सोपें आहे. त्याचीं दोन टोंकें संशयित सांध्याच्या दोन बाजूंना लावावीं आणि त्यांतून प्रवाह चालूं ठेवावा, म्हणजे दिवा लावावा किंवा हॉर्न वाजवावा. चांगल्या सांध्यावर कांटा एकदशांश व्होल्टच्या आंतच राहील. अर्धा व्होल्ट दाखविला तर तो सांधा रोगट आहे. दुसरी परीक्षा बॅटरीच्या टोंकांवर घ्यावी. इंजिन बंद असतां भारित बॅटरी सुमारें साडेबारा व्होल्टांहून किंचित् अधिक दाखविते; इंजिन वेगांत असतां साडेतेरा ते साढेचौदा दाखविलें पाहिजे. पंधराच्या वर गेलें तर रेग्युलेटरानें लगाम सोडला आहे. तेराच्याही खालीं राहिलें तर वीज वाटेंतच कोठें तरी अडली आहे.

फ्यूज वारंवार जळत असेल तर एक जुनी युक्ति उत्तम आहे. दिवे, हॉर्न वगैरेंचे जोड सोडवावे आणि जळलेल्या फ्यूजच्या जागीं, दोन तारा लावून, ब्रेकच्या दिव्याचा १२ व्होल्ट, २१ वॅटांचा गोळा जोडावा. तार कोठें सांगाड्याला लागली असेल तर हा गोळा लख्ख पेटेल. पण त्यांतून पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जाऊं शकत नसल्यामुळें तार जळणार नाहीं. आतां जुडी जागोजाग हलवीत जावें. ज्या ठिकाणीं हलवितांच गोळा विझतो किंवा लुकलुकतो, तेथेंच तार घांसलेली आहे.

या सर्व पद्धतीचा उपयोग एका नेहमीच्या दुखण्यावर करून पाहूं. कित्येक मोटारसायकलींत इंजिनाच्या पोटांतून तीन सारख्या, बहुधा पिंवळ्या, तारा बाहेर येतात. त्या वीज निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांच्या असतात आणि एका सांध्यांतून रेग्युलेटराकडे जातात. पुष्कळ गाड्यांतील रेग्युलेटर जादा वीज त्याच वेटोळ्यांत परत फिरवून जिरवितो. त्यामुळें दिवे थोडे असोत वा पुष्कळ, त्या तीन तारांतून जवळजवळ पूर्ण प्रवाह सदैव वाहत असतो. म्हणून सर्व सांध्यांत अधिक राबणारा सांधा हाच. त्यांतील एक पान सैल झालें कीं तेथें प्लास्टिक तपकिरी पडतें आणि चौकांत थांबल्यावर वास येऊं लागतो. तिसरी वाट अडल्यामुळें बॅटरी पुरती भरत नाहीं. भारतांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटतो. तेव्हां दिवसाही बॅटरीला उसंत नाहीं. एके दिवशीं गाडी चालूं होत नाहीं. मालक नवी बॅटरी आणतो. चार आठवडे बरे जातात आणि पुन्हां तेंच. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तो हा प्रकार. बॅटरी निरपराध होती. दोष हातभर अंतरावरच्या पांचपन्नास रुपयांच्या सांध्यांत होता.

तेथें परीक्षा अशी करावी. इंजिन बंद असतां तो सांधा उघडावा. तिन्ही तारांपैकीं कोणतीही इंजिनाच्या धातूशीं जोडलेली दिसतां कामा नये. तशी दिसली तर वेटोळ्याचें व्हार्निश जळालें आहे. नंतर इंजिन चालवून दोन-दोन तारांमधील उलटसुलट प्रवाहाचा दाब मोजावा. तिन्ही जोड्यांत तो सारखा यावा. इंजिनाचा वेग वाढला कीं हा दाब ५० व्होल्टांच्याही वर जातो, म्हणून उघड्या टोंकांना हात लावूं नये. तिन्ही आंकडे सारखे आले तर वेटोळें निर्दोष आहे आणि दोष सांध्याचाच आहे, असा निष्कर्ष निघतो.

दुरुस्ती करतांना चुकते ती गोष्ट अशी कीं, वितळलेला सांधा कापून तारा नुसत्या पिळतात आणि वर काळी पट्टी गुंडाळतात. पिळलेली तार कंपनानें सैल होते, पट्टीचा गोंद उन्हाळ्यांत वितळतो आणि पावसाळ्यांत आंत पाणी धरतो. योग्य रीत म्हणजे काळें पडलेलें तांबें चकचकीत तांबें लागेपर्यंत कापून टाकणें, नवें पान योग्य पकडीनें दाबून बसविणें, वरून तापविल्यावर आवळणारी नळी चढविणें आणि नवा सांधा घालणें. सांध्याचें एकच पान जळालें असलें तरी सांधा संपूर्ण बदलावा; शेजारचीं पानेंही त्याच भट्टींत भाजलेलीं असतात. जादा दिवे किंवा मोठा हॉर्न हवाच असेल तर बॅटरीपासून स्वतंत्र तार, तिच्यावर स्वतंत्र फ्यूज आणि मध्यें रिले असावा, म्हणजे हँडलवरील नाजूक स्विचावर भार पडत नाहीं. तारांची जुडी टाकीच्या कडेवर किंवा मानेच्या फटींत दाबली जात नाहीं, हें हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावें. आणि काम मिस्त्रीकडून करविलें तरी जळका तुकडा मागून घ्यावा. कोणत्या तारेचा तो आहे हें विचारावें. त्यास उत्तर देतां आलें नाहीं, तर दोष अद्याप गाडींतच आहे असें खुशाल समजावें.

ही विद्या मोटारसायकलपुरतीच नाहीं. स्नानगृहांतील गीझरचा प्लग, इस्त्रीचा प्लग, जुन्या वाड्यांतील लांकडी पट्टीवरचा स्विच यांचेही सांधे असेच सैल होतात आणि तेथेंही फ्यूज अथवा त्याच्या जागीं आलेला आपोआप तुटणारा स्विच असाच गप्प बसतो. फरक इतकाच कीं, तेथें दाब २३० व्होल्ट आहे. म्हणून घरांतील तारांना स्वतः हात न लावतां मुख्य स्विच बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावें. शोधाची पद्धति मात्र तीच : वास केव्हां येतो, कशाबरोबर वाढतो, कशानें थांबतो. घरांतील एखाद्या लहान मुलानें किंवा वृद्ध माणसानें कांहीं तरी जळतें आहे असें म्हटलें, तर तुला भास होतो असें म्हणून त्यास गप्प बसवूं नये. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाचें नाक घरांतल्यांच्या नाकापेक्षां ताजें असतें. धूर दिसण्यापूर्वीं आणि ज्वाळा उठण्यापूर्वीं मिळणारी ही एवढीच सूचना आहे. ती फुकट मिळते, परंतु ती ऐकावी लागते.